देवदारी खोकं म्हणजे देवदार नव्हे : सूचिपर्णी लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली ओळखताना या चुका टाळा

सोलापुरात कुठल्याही सुताराला विचारा, पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड कसलं? उत्तर ठरलेलं : देवदार. एमआयडीसीत मशिनरी येते, खोकं फुटतं, फळ्या भंगारात जातात, तिथून कुणाच्या माळ्यावर नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्याला लागतात. नाव मात्र शेवटपर्यंत देवदारच. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला मी या फळ्या मुद्दाम आणतो. फुकट मिळतात आणि पोरांच्या ब्लेडला मऊ लागतात. छेद घेतल्यावर बहुतेक पाईनच्या निघतात, एखादी स्प्रूसची, एखादी फरची. 'देवदारी' हे आपल्याकडं झाडाचं नाव राहिलेलंच नाही, ते खोक्याचं नाव झालंय.

या अनुभवानं मलाच एक वाईट खोड लावली. कुणी देवदार म्हणून काही आणलं की मी मनातल्या मनात 'पाईन' म्हणून मोकळा. ती खोड एकदा चांगलीच अंगाशी आली, ते पुढं राळनलिकांपाशी सांगतो. हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारणही तीच फजिती. पदव्युत्तर वर्गातली पोरं, लाकडाचा धंदा करणारी जिज्ञासू मंडळी आणि काष्ठौषधी तपासणारे आयुर्वेदाचे विद्यार्थी, सगळे साधारण त्याच त्याच जागी घसरतात.

नाव आधी, छेद नंतर

सोलापूर जिल्ह्यात निसर्गतः उगवलेलं एकही सूचिपर्णी झाड नाही. अख्ख्या दक्षिण भारतीय द्वीपकल्पात मूळचं असं एकच, नागेया वॉलिचियाना, तेही दक्षिणेकडच्या घाटांतलं. त्यामुळं आपल्या पोरांनी सूचिपर्णी झाड पाहिलेलं असतं ते बंगल्याच्या दारातल्या मोरपंखीच्या किंवा ख्रिसमस ट्रीच्या रूपात. 'सूचिपर्णी झाडाचा तुकडा आणा' म्हटलं की दरवर्षी एकजण तरी सुरूची फांदी घेऊन येतो. पानं सुईसारखी, फळ शंकूसारखं, मग अजून काय पाहिजे? पण सुरू हे फुलझाड आहे. त्या सुया म्हणजे पानं नव्हेत, बारीक सांधेदार डहाळ्या आहेत. खरी पानं प्रत्येक सांध्यावर खवल्यासारखी चिकटलेली असतात. आडवा छेद घेतला की लगेच कळतं : गोल गोल भोकं, म्हणजे व्हेसल, पाणी वाहणाऱ्या रुंद नळ्या.

सूचिपर्णी लाकडात व्हेसल नसतात. नव्वद टक्क्यांहून जास्त भाग ट्रॅकिडांचा, म्हणजे पाणी वाहणाऱ्या लांब, अरुंद पेशींचा. बाकीचे किरण (गाभ्याकडून सालीकडं जाणारे पेशींचे आडवे पट्टे), थोडं पॅरेन्कायमा (अन्न साठवणाऱ्या पेशी) आणि असल्या तर राळनलिका. आडव्या छेदात ट्रॅकिड वीटभट्टीवर रचलेल्या विटांसारखे सरळ ओळींत दिसतात. हे पाहायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. नव्या ब्लेडनं तुकड्याचं टोक तासा, ओलं करा आणि दहापट भिंग डोळ्याला लावा. भोकं दिसली की पुढची सगळी मेहनत वाचली. (व्हेसल नसलेली काही फुलझाडंही जगात आहेत, पण ती आपल्या भंगारात येण्याची शक्यता नाही. त्यांचे किरण रुंद असतात, तेवढं लक्षात असू द्या.)

'सीडर' या शब्दानं तर घोळच घातलाय. बाजारात 'रेड सीडर' म्हणतात ते आपलं तून, त्यात वाढवलयाच्या सुरुवातीला मोठी भोकं नुसत्या डोळ्यांना दिसतात. 'व्हाइट सीडर' हे सह्याद्रीतलं दुसरंच झाड, कानडीत त्याला बिळी देवदारी म्हणतात. आपल्याकडं निम्म्या घरांत कानडी बोलतात, तेव्हा 'देवदारी' हा शब्द कुठून कसा आलाय याची खात्री देता येत नाही. तून आणि बिळी देवदारी, दोन्ही फुलझाडं आहेत.

म्हणून नमुन्याला नाव देऊ नका, नंबर द्या. आमच्या प्रयोगशाळेत आता पाकिटावर 'क्र. १४' एवढंच असतं. नाव कळलं की डोळा तेच शोधायला लागतो.

ब्लेडची धार आणि मे महिना

पोरांच्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ ओळखण्यात नसतं, छेदात असतं. 'सर, काहीच दिसत नाही' म्हणत येतात. स्लाइड बघितली तर गुलाबी चिंधी.

उन्हाळ्यात इथलं लाकूड इतकं कोरडं होतं की ब्लेड लावलं की पापडासारखं तुटतं. तुकडा साधारण सेंटिमीटरभराचा करा आणि पाण्यात उकळा. तो बुडेपर्यंत उकळत राहायचं. तरंगतोय म्हणजे आत हवा आहे, आणि हीच हवा पुढं स्लाइडवर काळ्या कडेचे बुडबुडे होऊन बसते. मग पोरं त्या बुडबुड्यांची आकृती काढून 'राळनलिका' लिहितात. उकळलेला तुकडा ग्लिसरीन, अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणात दोन-तीन दिवस ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. घाई असेल तर गरम गरमच कापा.

तुकडा करवतीनं कापून त्रिज्यीय, म्हणजे गाभ्यापासून सालीकडं जाणारी उभी, बाजू मिळवायची धडपड करू नका. पटाशी आडव्या छेदावर किरणांच्या रेषेत ठेवा आणि हलकी हातोडी मारा. लाकूड किरणांच्या दिशेनं आपसूक फाटतं आणि फाटलेली बाजू जवळजवळ बरोब्बर त्रिज्यीय असते. ही युक्ती मला पुस्तकानं शिकवली नाही, एका सुतारानं शिकवली.

ब्लेड दाढीचं, दुधारी, अर्धं मोडलेलं. एका तुकड्याला एक नवं अर्धं. पोरांना पैसे वाचवायचे असतात, त्यामुळं एकाच ब्लेडवर अख्खं सत्र काढतात आणि बोथट ब्लेडनं दाबलेल्या पेशी बघून 'शरदकाष्ठ (हंगामाच्या शेवटी वाढलेलं, जाड भिंतींचं लाकूड) फार आहे सर' म्हणतात. ब्लेड आणि लाकूड दोन्ही ओलं ठेवा. ब्लेड पुढं ढकलू नका, तिरकं धरून आपल्याकडं सरकवत ओढा. मोठा सुंदर छेद हवा हा हट्ट सोडा. दोन-तीन मिलिमीटरचा, एका कडेला विरत गेलेला तुकडा पुरतो, कारण पाहायचं असतं ते त्या विरलेल्या कडेतच. ट्रॅकिडाची रुंदी तीसेक मायक्रॉन धरली तर छेद वीस मायक्रॉनच्या आसपास हवा. त्याहून जाड झाला की खालच्या पेशीची भिंत वरच्या पेशीत दिसते आणि सगळं दुहेरी वाटतं.

छेद तिरका गेलाय हे ओळखायची खूण अशी. आडव्या छेदात पेशींच्या भिंतींना एका बाजूनं सावली पडल्यासारखी दिसली, तर तो तिरका आहे. त्रिज्यीय छेदात किरण विटांच्या लांब पट्ट्यासारखा आडवा जायला हवा. चार-पाच पेशींनंतर पट्टा अचानक संपत असेल तर तुकडा थोडा फिरवून पुन्हा कापा. स्पर्शीय, म्हणजे सालीला समांतर घेतलेल्या, छेदात किरण उभ्या बारीक पट्टीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते दिसतात.

रंगाचंही तसंच. सॅफ्रनिन हा लाल रंग दोन-तीन मिनिटं, मग धुवा, मग आणखी धुवा. लालभडक छेद फोटोला चांगला दिसतो, पण पिटच्या, म्हणजे पेशीच्या भिंतीतल्या बारीक खळग्यांच्या, आतलं काही दिसत नाही. चिडाच्या, म्हणजे हिमालयातल्या एका पाईनच्या, लाकडात राळ इतकी असते की छेदावर तेलाचे थेंब फिरत राहतात. अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवलं की जातात. आणि पंख्याखाली बसून पाण्यात माउंट करू नका. मे महिन्यात आकृती अर्धी होईपर्यंत स्लाइड सुकलेली असते. ग्लिसरीन वापरा.

एकाच छेदावर निकाल

आडवा छेद सगळ्यात सोपा निघतो आणि दिसायलाही देखणा. म्हणून लोक तिथंच थांबतात. पण सूचिपर्णी लाकडात खरी ओळख बहुतेक वेळा त्रिज्यीय छेदात असते. किरणातले पिट, किरणाच्या कडेचे ट्रॅकिड, सर्पिल जाडी, सगळं तिथंच. टीएस (आडवा), आरएलएस (त्रिज्यीय), टीएलएस (स्पर्शीय), तिन्ही बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा नियम मी वर्गात शंभर वेळा सांगितलाय आणि स्वतः मोडलाय.

राळनलिका : आहेत म्हणजे कुठल्या?

मोडला तो असा. आमच्या पलीकडच्या गल्लीत एक मेस्त्री आहेत, देव्हारे आणि पाट करतात. एकदा दुपारी घाम पुसत एक ठोकळा घेऊन आले. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं तो 'रेल्वेच्या स्लीपरचा देवदार' म्हणून दिला होता.

"सर, गिऱ्हाईक देवदाराचे पैसे द्यायला तयार आहे. तेवढं खरं हाय का बघून सांगा."

मला हसू आलं. पुन्हा देवदारी खोकं! तिथंच टोक तासलं, आडवा छेद घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. राळनलिका स्पष्ट दिसत होत्या. देवदारात, म्हणजे सिड्रसमध्ये, सामान्य राळनलिका नसतात. पाईनमध्ये असतात. झालं! "पाईन आहे मेस्त्री." ते म्हणाले, "वास तर येतोय की सर." मी म्हटलं, वासावर जाऊ नका. त्यांनी तो ठोकळा पाईनच्या भावानं लावला.

महिन्याभरानं त्याच ठोकळ्याची उरलेली ढलपी मी वर्गात दिली, 'पाईनचा नमुना' म्हणून. एक मुलगी छेद बघत बराच वेळ गप्प बसली आणि मग तिनं विचारलं, "सर, ह्या नळ्या सगळ्या एकाच ओळीत का आहेत?"

मी पाहिलं. एका वलयात, स्पर्शरेषेच्या दिशेनं, माळेत ओवल्यासारख्या एकमेकींना चिकटून राळनलिका. बाकीच्या वलयांत एकही नाही. या जखमेच्या राळनलिका होत्या. झाडाला इजा झाली, दंव बसलं, कीड लागली की देवदार, फर, हेमलॉक अशा एरवी राळनलिका नसलेल्या झाडांतही त्या तयार होतात. पाईनच्या नलिका तशा नसतात. त्या एकेकट्या किंवा जोडीनं, वलयांमधून विखुरलेल्या असतात, बऱ्याचदा वलयाच्या बाहेरच्या अर्ध्यात.

मग त्रिज्यीय छेद घेतला. ट्रॅकिडांच्या भिंतीवरच्या बॉर्डर्ड, म्हणजे कड उचललेल्या, पिटांवर चाळीसची लेन्स लावली आणि फोकस अगदी हळू हलवला. पिटच्या मधोमध टोरस म्हणून एक चकती असते. इतर सूचिपर्णी झाडांत तिची कड गोल आणि गुळगुळीत असते. इथं ती झालरीसारखी, दंतुर होती. झालर असलेला टोरस ही सिड्रसची खास खूण आहे. मेस्त्रींचा ठोकळा शंभर टक्के देवदार होता.

त्यांच्याकडं जाऊन सांगितलं. ठोकळा केव्हाच विकला गेला होता. ते नुसतं म्हणाले, "म्हनत होतो की मी." मी चहा पाजला, दुसरं काय करणार!

तेव्हा राळनलिका दिसल्या की पुढचे प्रश्न विचारा. विखुरलेल्या आहेत की माळेत? स्पर्शीय छेदात काही किरणांच्या पोटात आडवी नलिका आहे का? म्हणजे मधेच फुगलेला, चातीसारखा किरण दिसतो का? पाईन, स्प्रूस, लार्च आणि डग्लस फर या चौघांत उभ्या आणि आडव्या दोन्ही नलिका सामान्यपणे असतात. पण देवदारात जखमेमुळं आडव्या नलिकाही येऊ शकतात, त्यामुळं नुसत्या फुगलेल्या किरणावरही निकाल देऊ नका. शेवटचा प्रश्न, नलिकेभोवतीच्या पेशींच्या भिंती पातळ की जाड? पाईनमध्ये पातळ, बाकी तिघांत जाड. पातळ असल्यामुळं पाईनमध्ये त्या कापताना फाटतात आणि नलिका म्हणजे नुसतं फाटकं भोक दिसतं. पोरं त्याला 'किडीचं भोक' लिहितात. हे पुन्हा ब्लेडकडंच आलं.

उलटी चूकही होते : नलिका दिसल्या नाहीत म्हणजे नाहीतच. स्प्रूसमध्ये त्या कमी आणि बारीक असतात. एखादं अख्खं वलय कोरडं जातं. काडीएवढ्या तुकड्यात दोन वलयं बघून 'फर' लिहू नका. निदान सात-आठ वलयं तरी डोळ्यांखालून घाला. शंका राहिली तर किरणाच्या कडा बघा. स्प्रूसच्या किरणाला वरखाली ट्रॅकिडांची ओळ असते, फरच्या किरणात ती सहसा नसते. हिमालयातली फर आणि स्प्रूस बाजारात एकाच ढिगात येतात, त्यामुळं हा फरक रोज कामाला येतो.

क्रॉसफील्ड चुकीच्या जागी वाचणं

किरणातली आडवी पेशी आणि उभा ट्रॅकिड जिथं एकमेकांवरून जातात तो चौकोन म्हणजे क्रॉसफील्ड. त्या चौकोनातले पिट कसे, किती, केवढे, यावर निम्मी ओळख अवलंबून असते. पाच प्रकार पाठ असतात सगळ्यांना : खिडकीसारखे, पिनॉइड, पिसिऑइड, क्युप्रेसॉइड, टॅक्सोडिऑइड. अराउकॅरियाचे धरले तर सहा. पाठ असून चूक कुठं होते? जागा चुकते.

क्रॉसफील्ड वसंतकाष्ठातच वाचायचं, वलय सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही ट्रॅकिडांत. शरदकाष्ठात भिंती जाड होतात, पिटचं तोंड अरुंद होऊन फटीसारखं होतं आणि जवळजवळ सगळंच पिसिऑइड, म्हणजे स्प्रूससारखं, वाटायला लागतं. आमच्याकडं दर वर्षी दोन-तीन 'स्प्रूस' अशा रीतीनं जन्माला येतात. दुसरं, किरणाच्या मधल्या पॅरेन्कायमा पेशी घ्यायच्या, कडेचे ट्रॅकिड नव्हेत. कडेच्या ट्रॅकिडांवर बारीक बॉर्डर्ड पिट असतात, ते मोजले की सगळं गणित बिघडतं.

हिमालयातल्या दोन पाईनांचं उदाहरण घ्या. कैल, म्हणजे पायनस वॉलिचियाना, याच्या क्रॉसफील्डमध्ये एक किंवा दोन मोठ्या खिडक्या असतात. जवळजवळ अख्खा चौकोन व्यापतात. जुन्या वाड्यातल्या गजाशिवायच्या खिडक्या डोळ्यासमोर आणा. कडेच्या ट्रॅकिडांच्या भिंती आतून गुळगुळीत. चीड, म्हणजे पायनस रॉक्सबर्गी, याच्यात लहान लहान, वेड्यावाकड्या आकाराचे अनेक पिट, आणि कडेच्या ट्रॅकिडांच्या भिंतींना आत आलेले दात. एवढं नीट दिसलं तर या दोघांची गल्लत होत नाही. फक्त दात मोजताना सावध. बॉर्डर्ड पिटची कड बाजूनं कापली गेली तरी दातासारखीच दिसते. फोकस वरखाली करा. पिटच्या कडा समोरासमोर जोडीनं येतात आणि त्यांच्या मधे फट असते.

न्यूझीलंडहून येणाऱ्या रेडिएटा पाईनच्या फळ्या हल्ली फर्निचरच्या दुकानांत भरपूर दिसतात. तिचेही पिट पिनॉइड, म्हणजे चिडासारखेच. अशा फळीचा त्रिज्यीय छेद हातात घेऊन 'ही हिमालयातली चीड' म्हणायला मी तरी धजत नाही.

सर्पिल दिसलं की 'यू' नव्हे

ट्रॅकिडाच्या आतल्या भिंतीवर स्प्रिंगसारखी बारीक जाडी दिसली की पोरं एकदम उठून बसतात. हिमालयातलं यू, टॅक्सस वॉलिचियाना! त्यातून टॅक्सॉल या कॅन्सरच्या औषधामुळं या झाडाचं नाव त्यांनी ऐकलेलं असतं. सायटिसच्या, म्हणजे वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात ते आहे, म्हणजे व्यापारावर नियंत्रण आहे. अशा नावाचा शिक्का मारण्याआधी चार वेळा बघायला नको का?

सर्पिल जाडी डग्लस फरमध्येही असते, पण तिच्यात राळनलिका असतात. यूमध्ये राळनलिका नाहीत, किरणाच्या कडेला ट्रॅकिडही नाहीत आणि उभं पॅरेन्कायमाही नाही. सगळं 'नाही नाही' असलेलं लाकूड. ही दोन झाडं वेगळी करणं सोपं आहे.

खरी फसगत होते ती दाबकाष्ठात. वाकलेल्या खोडाच्या किंवा फांदीच्या खालच्या बाजूला झाड वेगळं लाकूड तयार करतं. त्यात ट्रॅकिडांच्या भिंतीला तिरक्या चिरा असतात. जाडी आणि चीर यातला फरक असा : जाडी भिंतीतून आत उठलेली असते आणि बरीचशी आडवी जाते, चीर भिंतीत गेलेली असते आणि तिचा कल चांगलाच उभा, पंचेचाळीस अंशांच्या आसपास. तरी शंका आली तर आडव्या छेदाकडं परत जा. दाबकाष्ठात ट्रॅकिड चौकोनी न राहता गोल होतात आणि त्यांच्यामधे कोपऱ्यांत मोकळ्या जागा पडतात. परातीत ठेवलेल्या लाडवांसारखं दिसतं ते. एकदा पाहिलं की विसरत नाही.

तिसरा बहुरूपी म्हणजे मऊ कूज. ओलाव्यात राहिलेल्या लाकडात बुरशी भिंतीच्या आतच टोकदार पोकळ्या कोरत जाते, आणि त्या भिंतीच्या धाग्यांच्या दिशेनं, म्हणजे सर्पिलच, ओळीनं दिसतात. खोक्यांच्या पाईनवर निळसर डाग असतील तर किरणांत तपकिरी धागे सापडतील. ती निळ्या डागाची बुरशी आहे, लाकडाचा भाग नव्हे. बराच काळ पाण्यात राहिलेल्या लाकडात जिवाणू पिटचे पडदे आधी खातात, त्यामुळं तिथं झालर असलेला टोरस न मिळणं हा देवदार नसल्याचा पुरावा होत नाही.

फांदी, मोजमाप, यादी

बागेतल्या मोरपंखीची बोटाएवढी फांदी कापून ती खोडाच्या संदर्भ-चित्राशी ताडू नका. गाभ्याजवळच्या पहिल्या वलयांत किरण बुटके, ट्रॅकिड आखूड आणि सगळंच बालिश असतं.

ट्रॅकिडाची लांबी छेदात मोजता येत नाही, कारण छेदात तो तुटलेला असतो. काडीएवढ्या चिरफळ्या ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या समसमान मिश्रणात साठ अंशांवर ठेवा. पांढऱ्या झाल्या की हलवून पेशी सुट्या करा. झाकण गच्च लावू नका, वायू सुटतो. आणि मोजताना दोन्ही टोकं शाबूत असलेलेच घ्या. एक व्यावहारिक अडचण : ट्रॅकिड तीन ते पाच मिलिमीटर लांब असतो, आणि अठरा क्षेत्रांकाच्या (फील्ड नंबरच्या) आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, दहाची लेन्स लावली तर दृष्टिक्षेत्र १.८ मिलिमीटरच मिळतं. अख्खा ट्रॅकिड मावणारच नाही. चारची लेन्स लावा. त्यातही न मावणारा भेटला तर स्लाइड सरकवून दोन तुकड्यांत मोजा. हे न कळल्यानं एका पोरानं शंभर अर्धवट ट्रॅकिड मोजून सरासरी काढली होती. दोन दशांश स्थळांपर्यंत.

वैशिष्ट्यांची यादी कुठली वापरता तेही बघा. लाकूड-शरीररचना तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दोन याद्या आहेत : १९८९ची फुलझाडांच्या लाकडासाठी आणि २००४ची सूचिपर्णी लाकडासाठी, १२४ वैशिष्ट्यांची. इंटरनेटवर जास्त फिरते ती पहिली, आणि 'इनसाइडवुड' हा प्रसिद्ध फोटोसंग्रहही मुख्यतः फुलझाडांचाच. तिथं पाईन शोधत बसलेली पोरं मी पाहिलीत.

जातीपर्यंत जायचा हट्ट

अहवालात 'पायनस अमुक तमुक' असं पूर्ण नाव लिहिलं की भारदस्त वाटतं. पण सूक्ष्मदर्शक बहुतेक वेळा तुम्हाला वंशापर्यंत, फार तर एखाद्या गटापर्यंत आणून सोडतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या पिवळ्या पाईनांच्या अनेक जाती छेदावरून वेगळ्या करता येत नाहीत, त्यांचा उल्लेख गट म्हणूनच करतात. स्प्रूस आणि लार्च यांच्यात तर वंश ठरवतानाच तज्ज्ञांचा घाम निघतो. किरणाच्या कडेच्या ट्रॅकिडांमधल्या पिटच्या कडांचा आकार बघावा लागतो.

लाकूड ओळखण्याच्या शास्त्रातला सगळ्यात गाजलेला खटला हेच दाखवतो. वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाचं १९३२ साली अपहरण झालं, आणि घराबाहेर लाकडी शिडी सापडली. मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीतल्या आर्थर कोहलर यांनी तिचा भाग न् भाग तपासला. त्यांत पाईन होतं, डग्लस फर होतं, बर्चही होतं. पण नुसतं 'दक्षिणी पिवळं पाईन' म्हटल्यानं आरोपी सापडत नव्हता, कारण तसल्या फळ्या देशभर विकल्या जात होत्या. कोहलर पुढं गेले ते रंधा यंत्राच्या पात्यांनी फळीवर ठेवलेल्या खुणांवरून. त्या खुणांचा माग काढत ते दक्षिण कॅरोलायनातल्या गिरणीपर्यंत आणि तिथून ब्राँक्समधल्या वखारीपर्यंत पोचले. १९३५च्या खटल्यात शिडीची एक फळी आरोपीच्या माळ्यावरच्या तक्तपोशीशी जुळते, हेही त्यांनी दाखवलं. सूक्ष्मदर्शक जिथवर नेतो तिथवर ते त्याच्याबरोबर गेले, पुढचं काम दुसऱ्या पुराव्याकडून करून घेतलं.

अपवाद आहेतच. सिड्रस वंशाच्या मोजक्याच जाती, आणि भारतात नैसर्गिक वाढणारी एकच. म्हणून झालरीचा टोरस दिसला आणि लाकूड जुनं, देशी आहे हे माहीत असेल, तर 'देवदार' लिहायला हरकत नाही. पण ते 'देशी आहे' हे भूगोलानं सांगितलं, छेदानं नव्हे. अहवालात या दोन गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत लिहा.

आणि अडलंच, तर नमुना पाठवा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत आणि बंगळुरूच्या लाकूडविज्ञान संस्थेत हे काम चालतं आणि ताडून बघायला खात्रीचे नमुनेही तिथं आहेत. काडी पाठवू नका. काडेपेटीएवढा ठोकळा पाठवा, शक्यतो साल किंवा बाहेरची वलयं असलेला, न रंगवलेला, न पॉलिश केलेला. सोबत चिठ्ठीत लिहा : कुठं मिळाला, कशाचा भाग होता, पाण्यात किंवा जमिनीत होता का, कुणी त्याला तेल किंवा कीटकनाशक लावलं होतं का. पाकिटावर तुमचा अंदाज लिहू नका. मेस्त्रींचाही नको.